घराचं पथ्य

डॉक्टरांनी आजोबांना मीठ कमी करायला सांगितलं की बहुतेक मराठी घरांत एक छोटं पातेलं वेगळं निघतं. आमटी उकळली की मीठ घालण्याआधी दोन वाट्या त्या पातेल्यात काढून ठेवायच्या, त्या आजोबांच्या. उरलेल्या आमटीत नेहमीसारखं मीठ पडतं, कारण बाकीच्यांना काही झालेलं नसतं. आठ-दहा दिवस हा बेत नीट चालतो. मग कधी डब्यांची घाई असते, कधी पाहुणे येतात. आजोबाही अळणी जेवून कंटाळलेले असतात आणि नातवाच्या ताटातला पापड हळूच उचलतात. महिन्याभरात ते पातेलं पुन्हा मांडणीवर जातं. पुढच्या तपासणीत रक्तदाब होता तिथेच असतो आणि ‘बाबांना पथ्यच पाळवत नाही’ यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं.

यात बाबांची चूक थोडी आणि पातेल्याची जास्त. तब्येतीच्या सवयींचा विषय निघाला की आपली सगळी भिस्त एकट्या माणसाच्या निश्चयावर असते. एक जानेवारीचा संकल्प, जिमची वर्षाची फी, पहाटे पाचचा गजर हे सगळं त्याच जातीचं. प्रत्यक्षात माणूस काय खातो, किती हलतो आणि कधी झोपतो हे बरंचसं त्याचं घर ठरवतं. भाजीत मीठ कुणाच्या हाताचं पडतं, तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, रात्रीची पानं किती वाजता घेतली जातात, जेवण झाल्यावर माणसं कुठे बसतात, यांवर रक्तदाबापासून साखरेपर्यंत बरंच काही ठरतं. पथ्य माणसाला लावण्याऐवजी घराला लावलं तर ते टिकायची शक्यता कितीतरी अधिक.

मिठाचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं. चहाचा एक चमचा सपाट भरला की साधारण तेवढं होतं, आणि त्यात दिवसभरातलं सगळं आलं: आमटी, भाजी, कणीक, लोणचं, फरसाण, पाव, बिस्किटंसुद्धा. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांत माणशी सरासरी ८ ते ११ ग्रॅमच्या आसपास निघाली आहे. पाश्चात्त्य देशांत मीठ मुख्यतः कारखान्यात तयार झालेल्या खाण्यातून येतं, घरच्या स्वयंपाकातून फार थोडं. आपल्याकडे अजून तरी उलट आहे. आपलं बरंचसं मीठ आपल्याच स्वयंपाकघरात पडतं. तक्रार करण्यापेक्षा यात संधी मोठी आहे, कारण कंपन्यांच्या मागे न लागता घरातला एक डबा ताब्यात घेतला तरी पुष्कळ काम होतं.

तो डबा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. माणशी ५ ग्रॅम म्हणजे चौघांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम. एक किलोचा पुडा या हिशेबाने ५० दिवस पुरायला हवा, आणि बाहेरचं खाणं धरलं तर त्याहूनही जास्त. पुडा फोडला की त्यावर तारीख लिहायची आणि संपला त्या दिवशी कॅलेंडर बघायचं. लोणच्याचं मीठ तेवढं वेगळं मोजावं. बऱ्याच घरांत पुडा महिनासुद्धा काढत नाही असं दिसेल. तेलाचंही तसंच. पोषणतज्ज्ञ वरून घातलेल्या तेला-तुपाची मर्यादा माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅमच्या आसपास सांगतात. २५ ग्रॅम धरले तर चौघांना दिवसाला १०० ग्रॅम, म्हणजे १५ किलोचा डबा पाच महिने चालला पाहिजे. दिवाळीचा फराळ त्यातून वगळा हवं तर. तरीही आकडा विचार करायला लावणारा आहे.

मग मीठ कुठे कमी करायचं? जिथे ते जिभेला फारसं कळत नाही तिथे आधी. कणकेतलं मीठ काढून टाकलं तर पोळीत फरक जाणवत नाही, कारण पोळी नुसती कुणी खात नाही. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत बहुतेक घरांत मीठ घालतच नाहीत, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. भात शिजवताना टाकलेली चिमूट गेली तरी चालते. पानात सगळ्यात आधी मीठ वाढायची आपली रीत आहे. सणावारी ती राहू दे, रोजच्या टेबलावर मीठदाणी ठेवायची गरज नाही. लिंबू, कोकम, आमसूल, चिंच, कोथिंबीर, ओलं खोबरं, लसूण हे सगळं मिठाची उणीव झाकण्यात पटाईत आहे. जीभही हट्टी नसते. मीठ हळूहळू उतरवत नेलं तर काही आठवड्यांत तिला तेवढ्याचीच सवय होते आणि मग हॉटेलातली भाजी खारट लागू लागते. सगळ्यांच्याच आमटीत चमच्याचा चौथा भाग कमी घातला तर वेगळं पातेलं लागत नाही आणि अळणी कुणालाच वाटत नाही.

इथे एका लोकप्रिय गैरसमजाबद्दल सांगायला हवं. सैंधव किंवा काळं मीठ रक्तदाबाला चालतं असं सांगणारे प्रत्येक सोसायटीत दोन-चार असतात. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. रंग गुलाबी म्हणून शरीर त्याला सवलत देत नाही. शिवाय आयोडीनयुक्त मिठातून मिळणारं आयोडीन त्यातून मिळत नाही. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतूनही सोडियम जातंच. खरोखर वेगळं असतं ते कमी सोडियमचं मीठ, ज्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर त्याचा अभ्यास झाला. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता किंवा वाढत्या वयाबरोबर रक्तदाब जडलेला होता. असं मीठ वापरणाऱ्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिलं. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना जादा पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं, तेव्हा पुडा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

अख्ख्या प्रदेशानं मिळून स्वयंपाक बदलल्याचं उदाहरण हवं असेल तर फिनलंडमधल्या उत्तर कारेलियाकडे बघावं. १९७०च्या सुमाराला हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या भागांत तो होता. लाकूडतोडे, शेतकरी, अंगमेहनत करणारी ही माणसं. आळशी अजिबात नव्हती. पण ब्रेडवर लोण्याचा थर, सायीचं दूध, खारवलेलं मांस आणि तोंडात सिगारेट. स्थानिक लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. त्याचा प्रमुख पेक्का पुस्का तेव्हा २७ वर्षांचा होता. त्याच्या लवकरच लक्षात आलं की दवाखान्यात बसून पत्रकं वाटून काही होणार नाही. त्याने मार्था या गृहिणींच्या जुन्या संघटनेला हाताशी धरलं. गावोगावी संध्याकाळी बायका जमायच्या, नेहमीचेच पदार्थ कमी लोणी आणि कमी मीठ घालून करायच्या आणि सगळे मिळून जेवायचे. सॉसेज करणाऱ्यांनी चरबीचा काही भाग काढून त्या जागी अळंबी घातली. पुढच्या चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. यात औषधोपचारांचा वाटा आहेच, पण मोठा वाटा बदललेल्या ताटाचा आणि सुटलेल्या सिगारेटचा.

आपल्याकडची गोष्ट फिनलंडहून एका बाबतीत वेगळी आहे, आणि ती वेगळी का हे पुण्यात शोधलं गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा सारखंच बोलत होता, आतला माल वेगळा होता. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचीही मापं घेतली. ती सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं हाडांनी लहान, स्नायूंनी लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसणारा आणि आतून चरबी बाळगणारा भारतीय माणूस असा जन्मापासूनच घडत असतो.

त्यामुळे ‘मी कुठे जाड आहे?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरं देतो. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. शिंप्याचा टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायचा, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. पँटच्या नंबरावर भरवसा नको. पोट सुटलं की माणूस पँट पोटाखाली घालू लागतो आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून ढेरीचं कौतुक करण्याचे दिवस आता परवडणारे नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरातल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांच्या यादीत सर्वांत वर होता गोवा, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून जास्त.

कमरेचा घेर आणि कामाची जात यांचं नातं सर्वांत गमतीशीर रीतीने उघड झालं ते लंडनच्या दुमजली बसमध्ये. डॉ. जेरी मॉरिस यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांची नोंद ठेवली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच वर्गातले, एकाच बसवर, जवळजवळ सारख्याच पगारावर. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत बसच्या जिन्याच्या रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. १९५३ साली मॉरिस यांनी दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झाला तर उशिरा होतो आणि त्यांच्यात तो कमी जीवघेणा ठरतो. टीकाकारांनी रास्त शंका काढली: अंगाने आधीच सुटलेली माणसंच ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील तर? मॉरिस यांनी मग गणवेशांची दप्तरं काढली. ड्रायव्हरांच्या पँटी खरोखरच कमरेत मोठ्या शिवलेल्या होत्या, आणि त्यांनी ते लपवून न ठेवता १९५६मध्ये छापलं. मात्र टपाल खात्यातही तोच प्रकार दिसला: सायकलवर आणि पायी टपाल वाटणारे कार्यालयात बसणाऱ्यांपेक्षा सुरक्षित होते. मॉरिस स्वतः लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळावर धावू लागले तेव्हा लोक त्यांना वेड्यात काढत. ते ९९ वर्षं जगले.

मुंबईकरांना या कथेतला जिना वेगळा समजावून सांगायला नको. बेस्टच्या जुन्या दुमजली बसचा कंडक्टर टिकटिक करत वर-खाली करायचा. त्या बस २०२३च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या. पण इमारतींमधले जिने जागेवरच आहेत. सहाव्या मजल्यावर राहणाऱ्याने एकदम सहा मजले चढायचा पण करू नये. तो आठवड्यात मोडतो. लिफ्टमधून दोन मजले खाली उतरावं आणि उरलेले चढावेत. गुडघे दुखणाऱ्यांनी अर्थात हे सोडून सपाटीवर चालावं.

चालण्याच्या बाबतीत दहा हजार पावलांचा आकडा आता मनगटावरच्या घड्याळांमुळे घरोघरी पोचला आहे. त्याचा उगम कुठल्या संशोधनात नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५मध्ये, यामासा या जपानी कंपनीने पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार हा आकडा घातला. अमेरिकेत २०१९मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या जवळजवळ १७ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साडेसात हजारांच्या पुढे मात्र फायदा फारसा वाढला नाही. म्हणजे चालायला सुरुवात करण्यातच मोठी कमाई आहे. दहा हजार भरले नाहीत म्हणून रात्री अकराला पार्किंगमध्ये फेऱ्या मारणाऱ्यांनी शांत झोपावं.

आपल्या आज्यांनी लावलेली शतपावली या सगळ्यात फार मानाने उभी राहते. पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे स्नायू हलायला लागले की ते रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न बघता स्वतःच ओढून घेतात. जेवणानंतर साखर चढत असताना हे घडलं तर चढच कमी होतो. साखर काठावर असलेल्या साठीपुढच्या दहा लोकांवर अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेला. तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं हे सकाळी एकदम ४५ मिनिटं चालण्याइतकंच गुणकारी ठरलं, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर उतरवण्यात तर सरस. प्रयोग लहान होता, पण नंतरच्या अभ्यासांची दिशाही तीच आहे. वेगाने चालायची गरज नाही, गप्पा मारत चाललं तरी पुरतं. शंभर पावलांवर मात्र थांबू नये, दहा-पंधरा मिनिटं द्यावीत. इथेही घराचाच प्रश्न येतो. जेवण साडेनऊला आणि नऊची मालिका दहापर्यंत असेल तर शतपावली होत नाही. पानं आठला घेतली तर सगळं घर खाली उतरू शकतं.

सगळं घर, असं म्हणताना एक जण मागे राहते. ओटा आवरून, विरजण लावून, सकाळची भाजी निवडून होईपर्यंत शतपावलीची वेळ टळलेली असते. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना आढळल्या आणि पुरुष ९७. ‘घरकामातच सगळा व्यायाम होतो’ हे वाक्य बहुधा घरकाम न करणाऱ्यांकडून ऐकू येतं. घरकामात हालचाल खूप असते, पण बरीचशी हलकी आणि उभ्या-उभ्या, दम लागेल अशी थोडी. आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. जगभरच्या आकडेवारीचा २०२४मध्ये आलेला आढावा सांगतो की भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची तेवढी हालचाल होत नाही, आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. रात्रीची भांडी दुसऱ्या कुणी घासली तर घरातल्या बाईच्या तब्येतीत फरक पडेल. कुठल्याही टॉनिकपेक्षा नक्कीच जास्त.

स्नायूंचा विषय आपल्याकडे मुलांच्या जिमपुरता उरला आहे. साठीनंतर माणूस पडतो, उठू शकत नाही, खाट धरतो, यामागे बहुतेक वेळा मांड्यांची गेलेली ताकद असते. जमिनीवर मांडी घालून जेवायची आणि हात न टेकता उठायची रीत ही ताकद फुकटात राखत होती. टेबल आलं आणि ती गेली. आता खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठबस करणं, तेही दिवसातून दोनदा, हा त्यातल्या त्यात सोपा पर्याय. कुकरची शिट्टी व्हायची वाट बघताना होतं. पुण्यात तळजाईवर, कोल्हापुरात रंकाळ्यावर, मुंबईत शिवाजी पार्कात सकाळी चालणाऱ्यांची गर्दी सुखावणारी आहे. पण चालणं झाल्यावर त्याच गर्दीतली बरीच मंडळी गाड्यावर दिसतात. तासभर चालून जेवढी ऊर्जा खर्च होते ती एका वडापावात सहज भरून निघते.

न्याहारीचं एक दृश्य जवळून पाहण्यासारखं आहे. बशीत कांदेपोहे, वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि कडेला लिंबाची फोड. ही फोड शोभेची नाही. पोह्यांतलं आणि शेंगदाण्यांतलं लोह शरीराला सहजी मिळत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषून घ्यायला मदत करतं. इथपर्यंत उत्तम. पण बशीशेजारी वाफाळता चहा असतोच, आणि चहातली टॅनिन्स तेच लोह अडवून धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा स्त्रियांनी चहा न्याहारीच्या आधी किंवा नंतर तासाभराच्या अंतराने घेतला तर एक पैसाही खर्च न करता थोडं लोह वाचतं. चहातल्या साखरेचा हिशेबही ज्याचा त्याने करावा. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हणजे आठ चमचे, सपाट धरले तरी ३० ग्रॅमच्या पुढे. वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. संध्याकाळी सातच्या चहातलं कॅफीन रात्री बाराला अर्धंअधिक अंगात शिल्लक असू शकतं, आणि मग झोप का येत नाही म्हणून माणूस मोबाइल हातात घेतो. प्रौढांना रोज सात तास झोप हवी. लोकलची वेळ बदलत नाही, तेव्हा झोपायचीच वेळ मागे आणावी लागते.

मिशरीबद्दल बोललंच पाहिजे, कारण ती सवयींच्या यादीत कुणी धरत नाही. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड ग्रामीण महाराष्ट्रात आणि शहरांतल्या वस्त्यांमध्येही सकाळी दात घासायच्या नावाखाली लावली जाते, दिवसातून दोन-तीनदाही. लावणाऱ्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर ती नाही म्हणेल आणि तिच्या मते ते खोटंही नसतं. पण निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातंच. गरोदरपणात मिशरी लावणाऱ्या स्त्रियांची बाळं कमी वजनाची होतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. ती सोडताना पहिले काही दिवस डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. घरात सासू आणि जाऊबाई तीच डबी पुढे करत असतील तर एकटीने सोडणं कठीण, दोघी-तिघींनी मिळून सोडलेली टिकते.

राहता राहिलं मोजमाप. मधुमेहाचे आकडे देणाऱ्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्याच पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखर यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. घरी यंत्र घ्यायचं असेल तर मनगटावरचं नको, दंडाला पट्टा बांधायचं घ्यावं. मोजण्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसावं, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नकोत, दंड छातीच्या पातळीवर टेकवलेला. आणि मोजताना बोलू नये. हा नियम मराठी घरात सर्वांत जास्त मोडला जातो. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. घरच्या यंत्रावर आकडे वारंवार १३५/८५च्या वर येत असतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

पुढचा अडथळा गोळीचा. ‘गोळीची सवय लागेल’ या भीतीने कितीतरी लोक ती सुरूच करत नाहीत, आणि सुरू केलेली माणसं आकडा उतरला की बरं वाटतंय म्हणून बंद करतात. आकडा उतरलेला असतो तो गोळीमुळेच. देशात २०१७च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा सरकारी उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार होते. त्याची रीत साधी आहे: ठरलेल्या दोन-तीन प्रकारच्याच गोळ्या, महिनाभराच्या एकदम हातात, घराजवळच्या केंद्रावर आणि प्रत्येकाच्या आकड्यांची नोंद. तारखेला कुणी आलं नाही की त्याला निरोप जातो. घरातही हे जमण्यासारखं आहे. गोळ्यांची पाकिटं कपाटात वरच्या फळीवर ठेवण्याऐवजी जेवणाच्या टेबलावर ठेवावीत. पाकीट संपायला आठवडा उरला की नवं आणायचं काम घरातल्या एखाद्या तरुणावर सोपवावं. मीठ उतरलं, वजन घटलं, चालणं अंगवळणी पडलं तर मात्रा कमी होऊही शकते. ते डॉक्टर ठरवतील, आणि तेही वहीतले दोन-तीन महिन्यांचे आकडे पाहूनच.